गच्चीवरच्या दोन पेट्या

२४ सप्टेंबर, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. गच्चीवर उलट्या बादलीवर बसलो आहे. मांडीवर पत्र्याचा ट्रे, ट्रेवर कागद.

वहिनींना नमस्कार.

आज पहिल्यांदा स्वतःच्या श्वासाची वाफ दिसली, म्हणजे ऋतू बदलला. कालपर्यंत नुसता संशय होता. कामावरच्या बागेतली मोठी झाडं एका अंगाने पिवळी पडायला लागली होती, पण मुकादम म्हणत होते की पाण्याच्या अभावामुळे. ('अभाव' कोशात पाहून लिहिला आहे.) आज खात्री पटली. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर ऊन तिरकं पडलं आहे, हवा इतकी स्वच्छ की स्टेशनावरचं घड्याळ इथून वाचता येतं. दादा या दिवसांना काय म्हणायचा आठवतं? "वर्षाचे दुपारचे चार वाजले. उठा, चहा ठेवा."

आता पत्राचं कारण. फेब्रुवारीत दादा गेला आणि मार्चमध्ये तुम्ही तिकडे चष्म्याच्या कारखान्यात रुजू झालात. जाताना त्याच्या मधमाश्यांच्या पाच पेट्या माझ्याकडे सोपवल्यात. "बघा जमलं तर," म्हणालात. पूर्ण जमलेलं नाही. दोन पेट्यांतल्या माश्या उडून गेल्या, एकीची राणी मेली, एकीत मेणकिडा शिरला. आता दोन आहेत आणि दोन्ही उचलून पाहिल्या तर हाताला हलक्या लागतात. एक दादाची, काळ्या माश्यांची. दुसरी माझी, पिवळ्यांची. मे महिन्यात गोदामाच्या जिन्याखाली मोहोळ लटकलं होतं, ते मी एकट्याने पोत्यात धरलं. नंतर ताप आला, पण धरलं.

टोपीवाले काका परवा येऊन गेले. जाळीची टोपी तशीच, आईने चहा दिला तर तोही टोपी घालूनच प्यायले. दादा त्यांच्याकडेच हे काम शिकला म्हणून मी त्यांचं ऐकतो. त्यांनी दोन्ही झाकणं उघडली, लावली, आणि म्हणाले, "बाबा रे, दोन अर्धपोटी घरं हिवाळा काढत नाहीत. एक पोटभर घर काढतं. दव गोठायच्या आत दोन्ही पेट्या एक कर. जमत नसेल तर मला विक, मी नेतो."

पेट्या एक करायच्या म्हणजे राणी एकच ठेवायची. परक्या दोन राण्या एका घरात नांदत नाहीत, एक मरेपर्यंत भांडतात. म्हणून एक आपल्या हाताने आधीच काढावी लागते. आणि काकांच्या मते जायची ती दादाची. ती म्हातारी झाली आहे, अंडी विखरून घालते.

वहिनी, त्या राणीच्या पाठीवर ओळखण्यासाठी दादाने ठिपका लावला आहे. तो तुमच्या नेलपॉलिशचा आहे. हे तुम्हाला ठाऊक नसावं म्हणून लिहिताना दोनदा थांबलो.

पेट्या तुमच्या, म्हणून निर्णय तुमचा. विकू, दादाची राणी काढू, की दोन्ही तशाच ठेवून नशीब बघू? कार्डावर एक ओळ लिहिलीत तरी चालेल. दादाच्या पेट्या माझ्या हातून संपल्या असं होऊ नये, एवढीच धास्ती आहे.

आई बरी आहे. तुमच्या पलंगावर ती कोणाला वाळलेले कपडेसुद्धा ठेवू देत नाही.

तुमचा धाकटा दीर


१ ऑक्टोबर

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद. (चार वर्षांनी मोठी आहे, तेव्हा देऊन घेते.)

तुमचं पत्र आहे की कोर्टाचं समन्स? तीन पर्याय द्यायचे आणि वर म्हणायचं, कार्डावर लिहिलं तरी चालेल! अहो, मी इथे दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी भिंगं घासते आणि संध्याकाळी माझ्याच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्यात तुम्ही विचारता, राणी मारू का. मी कोण लागून गेले निकाल द्यायला?

विकून टाका. टोपीवाल्यांना द्या आणि आलेले पैसे आईंच्या हातात ठेवा. रागाने लिहीत नाही. जे सांभाळवत नाही ते कवटाळून बसू नये, एवढंच म्हणते. ह्यांच्या हौसेपायी तुम्ही किती डंख खायचे? झुरळ दिसलं की पलंगावर चढणारा मुलगा तुम्ही. गेल्या महिन्यात डोळा सुजला होता हे मला आईंनी कळवलं, तुम्ही नाही.

येणं इतक्यात जमणार नाही. इथे रजा मिळत नाही, मालक फार कडक आहेत.

आणि ती नेलपॉलिशची बाटली मी सहा महिने शोधत होते! तुमच्या आतेबहिणीवर आळ घेतला मनातल्या मनात. तिच्याशी अजून तुटक बोलते मी. धन्य आहे ह्यांची.

वहिनी

ता.क. ठिपका कुठल्या रंगाचा आहे? माझ्याकडे दोन बाटल्या होत्या.


६ ऑक्टोबर, दुपारची सुट्टी. बागेच्या शेडमध्ये, खराट्यांच्या ढिगाला टेकून.

वहिनींना नमस्कार.

रंग डाळिंबी. एका कडेने थोडा उडाला आहे, पण उन्हात धरलं की चमकतो.

डोळ्याबद्दल मी लिहिलं नाही कारण दोन दिवसांत उतरला.

काकांना विकायचं सांगायला गेलो होतो. फाटकापाशी पोचलो. त्यांच्या कुत्र्याने मला ओळखलं. मी कुत्र्याशी थोडं बोललो आणि परत आलो. म्हणजे अजून सांगितलेलं नाही. तुमचं न ऐकण्याचा हेतू नाही, पण मला आठ दिवस द्या. पहाटे गारठा असतो, पण दव अजून गोठलेलं नाही.

सध्या बागेत कामाला ऊत आला आहे. एका बाजूने पानं गोळा करत जावं, वळून बघावं तर मागे पुन्हा गालिचा. आज मुकादम म्हणाले, "अरे, सगळी पडू दे की एकदाची. झाडाला विचार किती उरलीत, मग खराटा उचल." मी म्हणालो, "साहेब, मी खालची उचलतो, वरची मोजत नाही." ते म्हणाले, "तू अगदी तुझ्या भावावर गेलास." उरलेली सकाळ फार बरी गेली. खरं सांगायचं तर हे काम मला आवडतं. ओल्या पानांचा ढीग हलवला की खालून ऊब येते आणि जुन्या लाकडी पेटाऱ्यासारखा वास येतो.

वासावरून आठवलं. आठवडाभर गच्चीवर भलताच वास सुटला होता. चार दिवस बुटात कोंडलेल्या लोकरी मोज्यांचा असतो तसा. आईने माझे मोजे दोनदा उकळत्या पाण्यात घातले. एक जोड आता तान्ह्या मुलाच्या मापाची झाली आहे. तरी वास जाईना. शेवटी मीच माग काढला. गोदामाच्या भिंतीवर जी वेल आहे तिला हिरवट बारीक फुलं आली आहेत. बाकी सगळीकडे फुलं संपली, म्हणून माश्या तिच्यावर तुटून पडतात. त्या रसाचा मध पेटीत मुरताना मोज्यांसारखा वास येतो! काकांना विचारलं तर म्हणाले, "दर शरदात येतो. इतकी वर्षं त्या घरात राहतोस आणि तुला ठाऊक नाही?"

आधी मी नाक दाबायचो. आता सकाळी कामावर जाण्याआधी वर जाऊन मुद्दाम घेतो. दादा नुकताच खाली उतरून गेला आहे असं वाटतं.

राणीबद्दल माझं धाडस होत नाही. दादाला काय वाटेल, इथेच गाडी अडते.

तुमचा धाकटा दीर


११ ऑक्टोबर

भाऊजी,

आशीर्वाद नंतर. आधी हे ऐका.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत, यंत्रापाशी उभ्याने वाचलं आणि इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या बाईच्या हातून भिंग पडलं. मालक आले. "काय हो बाई, भिंगात काय दिसलं?" मी म्हटलं, "मोजे." ते निमूट निघून गेले.

मोजे! अहो, लग्न झाल्यापासून दर शरदात मी ह्या माणसाला दाराबाहेर पाय धुवायला लावले आहेत. थंडगार पाण्याने. एकदा धुतले तर मी म्हणायचे, पुन्हा धुवा, वास येतोय. एका वर्षी त्यांचे सगळे मोजे फेकून दिले आणि दोन दिवस बोलले नाही. आणि हे? खाली मान घालून पाय धुवायचे. एका शब्दाने म्हणाले नाहीत की अगं, वास माझ्या पायांचा नाही, पेट्यांचा आहे. का म्हणाले नाहीत ठाऊक आहे? कळलं असतं तर मी पेट्या गच्चीवरून हलवायला लावल्या असत्या. लावल्याच असत्या! हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून गुपचूप पाय धुतले. सहा वर्षं. असा लबाड माणूस जन्मात पाहिला नाही मी.

हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते मग थांबेना. पण ते चांगलं रडणं होतं, काळजी करू नका. फेब्रुवारीनंतर मला ह्यांचा चेहरा आठवला की दवाखान्यातलाच आठवायचा, नाकात नळी घातलेला. काल पहिल्यांदा पाय धुताना वर बघून हसणारा आठवला.

विकू नका.

दादाची राणी काढा, काका म्हणतात तसं. दादाला काय वाटेल हे विचारता ना, तर मी सांगते. दर शरदात एक संध्याकाळ अशी यायची की ह्यांचं पोट बिघडायचं. ताटावर बसायचे, "आज नको गं" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी काढे करून पाजायचे. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. तुमचं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं तेव्हा उजेड पडला. ती पेट्या एक करायची संध्याकाळ असणार. पाच पेट्यांसाठी दरवर्षी एखादी राणी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली असणार आणि घरात कोणाला बोलले नसणार. तेव्हा तुम्हाला वाटत असेल तसा तुमचा दादा दगडाच्या काळजाचा नव्हता, आणि तुम्ही भित्रे नाही आहात. फरक एवढाच करा: काम उरका आणि जेवा. मी आईंना विचारणार आहे.

आणखी एक. रजा मिळत नाही हे खरं नव्हतं. मी मागितलीच नव्हती. मालक बिचारे कडक वगैरे काही नाहीत. मला भीती वाटायची ती जिन्याची. वर गच्चीवर गेले आणि तिथे कोणीच नसलं तर?

तुमची वहिनी


१७ ऑक्टोबर, संध्याकाळचे सात. स्वयंपाकघरात, जेवण झाल्यावर.

वहिनींना नमस्कार.

वर लिहिलं आहे ते खरं आहे. जेवलो. आई साक्षीला आहे.

आता काय घडलं ते क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

आज सुट्टी होती आणि दुपारी ऊन चांगलं तापलं म्हणून काकांना बोलावलं. धूर दिला, दादाची पेटी उघडली. मी म्हणालो, "काका, राणी तुम्ही काढा." ते म्हणाले, "मी फक्त धूर धरायला आलोय." मग मीच एकेक चौकट वर काढून बघायला लागलो. माश्या शांत होत्या. चौथ्या चौकटीवर डाळिंबी ठिपका दिसला. राणी सावकाश चालत होती. मी दोन बोटं पुढे केली आणि थांबलो, कारण तिच्या शेजारी, अगदी अंगाला अंग लावून, आणखी एक राणी होती. लांबलचक, झळझळीत, पाठीवर ठिपका नाही.

मला वाटलं माझेच डोळे फिरले. "काका, दोन आहेत."

"काय बोलतोस?"

"दोन. आणि भांडत नाहीत."

त्यांनी धुराचं भांडं खाली ठेवलं आणि चौकटीवर इतके वाकले की टोपीची जाळी माश्यांना टेकली. मग म्हणाले, "आई आणि लेक आहेत त्या. म्हातारी थकली की कधी कधी माश्या तिच्याच अंड्यातून नवी राणी वाढवतात. बहुतेक ठिकाणी म्हातारीला मग बाहेर काढतात. एखाद्या घरात राहू देतात. ही बघ, नवीने अंडी घातलीत, एकही खण रिकामा नाही. आपण महिनाभर डोकं खाजवत बसलो आणि ह्यांनी कधीच निकाल लावला."

मी म्हणालो, "मग आता?"

"आता काय? या घरात तरुण राणी आहे. तुझ्या पेटीतली बघू."

वहिनी, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता जायची ती माझी. जिन्याखालून धरलेली. काका म्हणाले, "तुझीही वाईट नाही. मोहोळाबरोबर बाहेर पडते ती जुनी राणी असते, एवढंच. अंडी बरी घालतेय. निवड तुझी, मी बोलणार नाही." मग बादलीवर बसून भिंतीवरच्या वेलीकडे बघत राहिले.

मला थोडा वेळ लागला. ती माझी पहिली. पण हिवाळा काढायचा तर तो नवीच काढणार हे मलाही दिसत होतं, आणि मला दिसत असताना दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेण्यात अर्थ नव्हता. मी माझी राणी शोधली आणि दोन बोटांत धरून संपवली. आवाज झाला नाही. काका म्हणाले, "हात धू."

मग दादाची पेटी खाली ठेवली, तिच्यावर वर्तमानपत्राचा एक कागद पसरला आणि कागदावर माझी पेटी, तळ काढून. एकदम एकत्र केल्या तर परक्या वासामुळे एकमेकींना मारतात. मध्ये कागद असला की दोन्हीकडून कुरतडत राहतात, आणि भोकं पडेपर्यंत वास एक होतो. कागद निवडायला मला अर्धा तास लागला. फोटोंची शाई जास्त असते म्हणून बिनफोटोचं पान हवं होतं. शेवटी 'घर भाड्याने देणे आहे' असं सगळं पान सापडलं. काका म्हणाले, "उत्तम. वाचून सोडून गेल्या नाहीत म्हणजे मिळवलं."

म्हातारी राणी वसंतापर्यंत असेलच असं नाही. पण ती आपल्या वेळेने जाईल. तिला आपला हात लागणार नाही.

ताटावर बसलो तेव्हा मलाही 'आज नको' म्हणावंसं वाटलं. आई समोर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, दादाच्या पोटाचंही. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुझ्या वहिनीचे काढे तो खिडकीतून ओतायचा." मग दोघंही जेवलो.

जिन्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की वर मी असतो.

तुमचा धाकटा दीर


२१ ऑक्टोबर

भाऊजी,

खिडकीतून! कडू लागू नयेत म्हणून मी त्यांत दुप्पट गूळ घालायचे. बघतेच आता. म्हणजे कोणाकडे बघू, तेही खरंच.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा शेजारच्या बाईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दीर काय शिकलाय?" मी म्हटलं, "शाळा नववीत सुटली. बाकीचं चालू आहे."

तुम्ही तुमची राणी दिलीत. त्यावर मी जास्त लिहीत नाही, आल्यावर बोलू.

हो, येते आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने, चार दिवसांसाठी. मालकांनी इतक्या चटकन रजा दिली की मलाच वाईट वाटलं. आईंना सांगा, पलंगावर कपडे खुशाल ठेवा, मीच येऊन घड्या घालीन. स्टेशनावर येऊ नका, सामान थोडंच आहे. आलात तर मात्र रागावणार नाही.

पेटी माझ्यासाठी उघडू नका. गारठ्यात उघडत नाहीत, एवढं मलाही कळतं. मला नुसता कान लावायचा आहे. त्या दिवसांत हे बराच वेळ पेटीला कान लावून बसायचे आणि मी खालून ओरडायचे, "माणसांचंही ऐका कधी!"

वहिनी


२३ ऑक्टोबर, सकाळचे सात. गच्चीवर. हातमोजे काढून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं.

वहिनींना नमस्कार.

हे पत्र तुम्ही निघण्याआधी पोचेल अशा बेताने टाकतो.

आज दव गोठलं. गच्चीचा कठडा पांढरा झाला आहे आणि गोदामाची वेल एका रात्रीत लालभडक. पेटीच्या दाराशी कागदाचा भुगा पडला आहे, करवतीखाली पडतो तसा. माश्या आतून ओढून आणतात आणि बाहेर टाकतात. मेलेल्या माश्या फारच थोड्या. काका म्हणतात, म्हणजे भांडण न होता एक झाल्या. काल ऊन होतं तेव्हा काळ्या आणि पिवळ्या एकाच दारातून ये-जा करत होत्या.

कान लावून पाहिला. दूरच्या खोलीत कोणी शिवणयंत्र चालवत असावं असा आवाज येतो. डावीकडून जास्त स्पष्ट येतो, तुम्ही तिकडून लावा. तुमच्यासाठी दुसरी बादली आणली आहे.

स्टेशनावर येणार आहे.

खाली हिशोब लिहितो, म्हणजे आल्यावर त्यावरून वाद नको.

माश्यांना पाजायच्या पाकासाठी साखर: एकशे ऐंशी. दिले.
उंदीर शिरू नये म्हणून दाराला जाळी: पंचवीस. दिले.
जाळीची टोपी, एक, तुमच्या मापाची: नव्वद. दिले.
काकांनी स्वतःच्या पेट्यांतून काढून आपल्या पेटीत ठेवलेल्या मधाने भरलेल्या दोन चौकटी: त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पुढच्या शरदात दोन चौकटी परत कर, याच पेटीतल्या." मी विचारलं, पेटीने हिवाळा काढला नाही तर? म्हणाले, "बाबा रे, मी म्हातारा माणूस. बुडणारं उधार देत नाही."

देणे: मधाच्या दोन चौकटी. मुदत: पुढचा शरद.